काट्यावर न घटणारं वजन

बिद्रीच्या कारखान्यावर ट्रॉल्यांची रांग लागली की ऊसवाल्याचा जीव काट्याकडे लागतो. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वाळतो, वाळला की घटतो. शेतातून निघालेली ट्रॉली तीच, वजन मात्र ते नाही.

स्ट्रिंग सिद्धांतवाल्यांपुढे अशीच घटीची अडचण होती. त्यांच्या लेखी मूलकण म्हणजे ठिपके नव्हेत, कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा. तारांचा एकमेकींवरचा परिणाम क्षीण असेल तोवर गणित सुटतं. तो वाढला की आकडे ढळतात, हिशेब लागत नाही. 'ड्युअ‍ॅलिटी'चा दावा असा, की एका सिद्धांताची ही अवघड बाजू म्हणजे दुसऱ्याची सोपी बाजू. (तिला 'द्वैत' म्हणणं मला पटत नाही, मुद्दा आहे अद्वैताचा.) पण जिथे हिशेबच लागत नाही, तिथे पडताळा कशाशी घ्यायचा?

न घटणारं काहीतरी हवं होतं. गडहिंग्लजला १९६३ साली जन्मलेले अतीश दाभोलकर यांनी जेफ्री हार्वी यांच्याबरोबर १९८९ मध्ये अशाच तारा अभ्यासल्या. सुपरसिमेट्री नावाची सममिती त्यांना राखते. परस्परक्रिया कितीही वाढो, त्यांच्या वजनाचं सूत्र ढळत नाही. १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशोक सेन यांनी असेच राखलेले कण साक्षीला घेऊन ड्युअ‍ॅलिटीचा भक्कम पुरावा दिला. पुढच्याच वर्षी एडवर्ड विटन यांनी मांडलं की पाचही स्ट्रिंग सिद्धांत आणि अकरा मितींची सुपरग्रॅव्हिटी ही एकाच सिद्धांताची रूपं आहेत.

दाभोलकर-हार्वींच्या या तारा असतात कशा? उसाच्या मोळीला वाढ्याचा वेढा घालून बघा. मोळी जाड, तर वेढ्याला वाढं जास्त लागतं. तारेच्या बाबतीत तितकी ऊर्जा जास्त. उलट त्या घेराभोवती धावायचं, तर क्वांटमच्या नियमाने बारीक घेराला ऊर्जा जास्त. आता घेर उलटा करा, म्हणजे जाडाचा बारीक, आणि वेढे नि धाव यांचे आकडे अदलाबदल करा. एकूण ऊर्जा तीच! केइजी किक्कावा आणि मासामी यामासाकी यांनी हे १९८४ मध्ये दाखवलं.

या तारांत वेढेही असतात, धावही. त्या पुरेशा जड झाल्या की कृष्णविवर होतं. पण जुन्या गणिताने त्याच्या क्षितिजाचं क्षेत्रफळ, आणि म्हणून एन्ट्रॉपीही, शून्य येई. २००४ मध्ये दाभोलकरांनी बारीक दुरुस्त्या धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा कृष्णविवराची एन्ट्रॉपी तारांच्या अवस्थांच्या मोजदादीशी जुळली. ती येते वेढे आणि धाव यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या पटीत. आणि गुणाकारात कोण आधी, कोण नंतर, याला काय फरक पडतो?