पिकल्या आंब्यातली चरबी

वैशाख पौर्णिमेला खीरदान झाल्यावर विहारात आम्ही आयाबहिणींशी बोलत बसलो होतो. एक मावशी म्हणाल्या, "ताई, आंबा पिकला की त्यात चरबी धरते. म्हणून नातवाला मी फोडसुद्धा देत नाही." पोर चार वर्षांचं, हाडकुळं.

मावशी, पिकताना वाढते ती साखर. कैरीतल्या पिठाची साखर होते, आंबटपणा उतरतो. स्निग्धांश शंभर ग्रॅम गरात जेमतेम अर्धा ग्रॅम. वडापावच्या एका घासात त्याहून जास्त तेल असतं!

पण हा अर्धा ग्रॅमही कामाचा. आंबा अढीत असतो तेव्हा त्याची घडण बदलत असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे तपासलं. आंब्यात पामिटिक आणि पामिटोलेइक अशी दोन स्निग्ध आम्लं असतात. पिकलेल्या फळात दुसरं जास्त असेल तर वास-चव जोरकस, पहिलं जास्त असेल तर सौम्य, असं त्यांना दिसलं. म्हणजे घर भरून टाकणारा हापूसचा वास काही अंशी या चरबीचीच करणी.

हे सांगण्याचं कारण वस्तीत येणाऱ्या हातगाड्या. स्वस्त माल आपल्याच दारात येतो. कोवळी फळं उतरवून कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीवर ठेवली की साल पिवळी होते. आतला गर मात्र फिकट, आंबट, बिनवासाचा राहतो. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. तेव्हा रंगावर जाऊ नका, देठाशी नाक लावा. शंका आली तर तयार झालेला हिरवा आंबा घ्या, कागदात गुंडाळून पिकल्या केळ्याशेजारी ठेवा. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू आंब्याला पिकवतो, पैसे लागत नाहीत.

गर केशरी होतो तो कॅरोटीनमुळे. शरीरात त्याचं अ जीवनसत्त्व बनतं, ते डोळ्यांना हवं. कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं आणि आंब्यातलं पुरत नाही. म्हणून पोराला आंबा जेवणासोबत द्या, फोडणीची डाळ-भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे असले की झालं.

साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र दोन फोडींवर थांबावं, त्या दिवशी भात कमी घ्यावा आणि आमरसाच्या वाटीला हात लावू नये.