उघड्या हॉट रॉड मोटारींतील सीट बेल्ट व उलटण्यापासूनचे संरक्षण : एक विवेचन

प्रस्तावना :

जुन्या मोटारीचे मडगार्ड, बॉनेट, टप इत्यादी भाग काढून टाकून आणि मूळ इंजिनाच्या जागी अधिक शक्तीचे इंजिन बसवून जी वेगवान मोटार तयार केली जाते, तिला अमेरिकेत 'हॉट रॉड' ही संज्ञा आहे. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर अशा मोटारी पळवीत असत. १९३७ मध्ये तेथील क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था उभारली. पुढे १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. या छंदात सर्वाधिक मान राहिला तो उघड्या, दोन आसनी रोडस्टर मोटारींना. फोर्डचे मॉडेल टी (१९०८ ते १९२७), मॉडेल ए (१९२८ ते १९३१) आणि व्ही-८ इंजिन असलेले १९३२ चे मॉडेल यांचे सांगाडे त्यासाठी विशेष पसंत केले जात. मराठी वाचकास या मोटारीची कल्पना टप न चढविलेल्या जीपवरून करता येईल. मात्र हॉट रॉड जीपपेक्षा बरीच ठेंगणी असते.

या मूळ मोटारींत सीट बेल्ट नव्हते. त्यामुळे मोटार नव्याने बांधताना पट्टा बसवावा किंवा न बसवावा, हा निर्णय मालकाचाच राहिला. त्यातून एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. डोक्यावर छप्पर नसताना पट्टा बांधला तर उलटलेल्या गाडीखाली माणूस चिरडला जाईल, उलट पट्टा नसेल तर तो बाहेर फेकला जाऊन वाचेल, असे एक पक्ष म्हणतो. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यातील जो भाग खरा आहे तो पट्ट्याविरुद्ध जात नाही. रोल बार नसलेल्या मोटारीविरुद्ध जातो. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'बाहेर फेकले गेलो म्हणून वाचलो' ही समजूत :

या समजुतीला पोषक ठरणारी उदाहरणे सहज सापडतात. ३० सप्टेंबर १९५५ रोजी अभिनेता जेम्स डीन याच्या उघड्या पोर्शे ५५० स्पायडर मोटारीला कॅलिफोर्नियात अपघात झाला. डीन मोटारीत अडकून मरण पावला, तर शेजारी बसलेला मेकॅनिक रॉल्फ व्यूथरिख बाहेर फेकला गेला आणि गंभीर जखमी होऊनही वाचला. अशी घटना लोकांच्या स्मरणात राहते. मात्र बाहेर फेकला जाऊन जो मरतो त्याला आपला अनुभव सांगता येत नाही, ही गोष्ट अशा वेळी विसरली जाते.

या विषयाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे श्रेय मुख्यतः ह्यू डीहेवन यांच्याकडे जाते. १९१७ मध्ये वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना त्यांचे विमान कोसळले. आपल्या पोटातील गंभीर इजा पट्ट्याच्या बकलामुळे झाल्या, असा निष्कर्ष त्यांनी पुढे काढला. म्हणजे पट्टा सदोष असेल तर तोच घात करू शकतो, याची जाणीव या अभ्यासाच्या आरंभापासूनच होती. असे असूनही कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात झालेल्या मोटार अपघातांच्या अभ्यासातून, मोटारीबाहेर फेकले जाणे हे मृत्यूचा धोका अनेक पटींनी वाढविणारे कारण असल्याचे दिसून आले. १९५६ च्या फोर्ड मोटारींत दरवाजाच्या सुधारित कड्या आणि ऐच्छिक सीट बेल्ट आले, ते याच विचारप्रवाहातून.

याचे कारण साधे आहे. बाहेर फेकला जाणारा मनुष्य मोटारीचा वेग बरोबर घेऊनच निघतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने एखाद्या खांबावर आदळणे हे सुमारे १४ मीटर उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे. शिवाय मोटार त्याच दिशेने कोलांट्या घेत येत असते. ज्या मोटारीखाली सापडू नये म्हणून पट्टा टाळला, तीच मोटार अंगावर येण्याचा संभव त्यामुळे राहतोच.

हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसण्याचा उपायही टिकत नाही. उलटताना मोटार सेकंदास एक फेरा घेते आणि चालकाच्या शरीराचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून अर्धा मीटर दूर आहे असे मानले, तर त्याला बाहेर ओढणारे बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दुप्पट येते. ७५ किलो वजनाच्या माणसाने १५० किलो वजन हातांवर तोलण्यासारखे ते आहे. छप्पर नसल्याने त्याला अडविणारे दुसरे काहीही नसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या २००० सालच्या विश्लेषणानुसार, तीन बिंदूंचा पट्टा पुढच्या आसनावरील व्यक्तीच्या मृत्यूचा धोका प्रवासी मोटारीत एकंदरीने ४५ टक्क्यांनी आणि उलटण्याच्या अपघातांत ७४ टक्क्यांनी कमी करतो. मात्र हे आकडे प्रामुख्याने छप्पर असलेल्या मोटारींचे आहेत. उघड्या मोटारीला ते जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही. हॉट रॉडच्या मालकांचा आक्षेप विचारात घ्यावा लागतो तो येथे.

ट्रॅक्टरचे उदाहरण :

या आक्षेपाचा नेमका आशय शेतातील ट्रॅक्टरवरून लवकर ध्यानात येतो. ट्रॅक्टर उलटून चालक त्याखाली दबण्याचे अपघात जगभर घडतात. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टरविषयीचा सर्वमान्य सल्ला असा आहे, की चौकट असेल तर पट्टा अवश्य बांधावा आणि चौकट नसेल तर बांधू नये. चौकटीमुळे यंत्र आणि जमीन यांच्यात पोकळी राहते व पट्टा चालकाला त्या पोकळीत राखतो. पोकळीच नसेल, तर पट्टा त्याला कोठे राखणार?

पहिला भाग हॉट रॉडला तंतोतंत लागू पडतो. दुसरा मात्र पडत नाही. ट्रॅक्टर संथ चालतो आणि चालकास उडी मारण्यास क्वचित अवधी मिळू शकतो. रस्त्यावरील हॉट रॉड ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने जात असते आणि तिचे बहुसंख्य अपघात उलटण्याचे नव्हेत, तर समोरून किंवा बाजूने धडकण्याचे असतात. त्यांत पट्टा नसलेला चालक थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर आदळतो. जुन्या मोटारींचा हा दांडा सरळ, ताठ आणि छातीच्या रोखाने असतो. आघात शोषून घेणारे दांडे अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाले.

हॉट रॉड कशी उलटते :

मोटारीच्या दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता तिच्या स्थैर्याचा गुणांक मिळतो. १९३२ च्या फोर्डचे हे अंतर ५६ इंच, म्हणजे सुमारे १४२ सेंटिमीटर आहे. ठेंगण्या केलेल्या रोडस्टरचा गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंचीवर धरल्यास गुणांक १.४ च्या आसपास येतो आणि तो आधुनिक प्रवासी मोटारींच्या बरोबरीचा आहे. यावरून अशी मोटार केवळ वळणावर सहसा उलटणार नाही, असे म्हणता येते. ती उलटते ती आडवी घसरत जाऊन चाक कडेच्या मऊ मातीत रुतले किंवा दगडी काठाला अडकले म्हणजे. मडगार्ड नसलेल्या मोटारीस आणखी एक धोका असतो. तिचे फिरते चाक दुसऱ्या वाहनाच्या चाकाला लागले, तर त्यावर चढून मोटार उचलली जाऊ शकते. या दोन्ही प्रकारांत चालकाला विचार करण्यास वेळ मिळत नाही.

रोल बार :

चालकाच्या मागे उभारलेली पोलादी नळीची कमान म्हणजे रोल बार. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत छप्पर असलेल्या आणि उघड्या मोटारींत केलेला भेद बोधप्रद आहे. पाव मैलाच्या शर्यतीत छप्पर असलेल्या मोटारीस ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागत असेल तर रोल बार सक्तीचा होतो. उघड्या मोटारीस मात्र ही मर्यादा १३.४९ सेकंदांचीच आहे. नळीचा व्यास पावणेदोन इंच, कमानीची उंची चालकाच्या हेल्मेटपेक्षा किमान तीन इंच अधिक आणि डोक्यापासून तिचे अंतर सहा इंचांच्या आत, अशा या अटी आहेत. तीन इंच हा आकडा उगाच ठरविलेला नाही. मोटार उलटी झाली की पट्टा ताणला जातो, गादी पूर्ववत फुगते आणि बसलेला माणूस लोंबकळून आसनापासून काही इंच दूर सरकतो. बसलेल्या स्थितीत डोक्याला जेमतेम पुरणारी कमान उलट्या स्थितीत अपुरी पडते.

परंतु केवळ कमानीची उंची मोजून भागत नाही. उलटलेली मोटार कमानीचा माथा आणि पुढील एखादा भक्कम भाग अशा दोन ठिकाणी टेकते. म्हणून शर्यतींच्या क्लबांत एक साधी चाचणी करतात. झाडूची सरळ काठी कमानीच्या माथ्यावरून दर्शनी काचेच्या चौकटीवर टेकवायची आणि चालकाचे डोके तिच्याखाली राहते का, ते पाहायचे. आधुनिक उघड्या मोटारीत काचेची चौकट मजबूत असते. हॉट रॉडमध्ये ती बहुधा कापून बुटकी केलेली, दोन नाजूक खांबांवर उभी असते आणि मोटारीचे वजन पेलणे तिला शक्य नसते. म्हणून काठीचे पुढचे टोक काचेवर न टेकविता काचेखालील पत्र्याच्या भागावर टेकविले पाहिजे. असे केल्यास काठीचा उतार वाढतो आणि देखणी म्हणून बसविलेली बुटकी कमान बहुतेक वेळा चाचणीत नापास होते. उंच कमानीने रोडस्टरची रेषा बिघडते, हे मान्य करावेच लागेल. तथापि डोक्यापेक्षा बुटकी कमान ही निव्वळ शोभेची वस्तू होय.

कमान कशावर उभी आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. फायबरग्लासच्या सांगाड्यावर किंवा लाकडी तळावर बसविलेली कमान पहिल्याच आघातात उपटून निघेल. तिचे पाय चॅसीपर्यंत गेले पाहिजेत आणि तिला मागून तिरके आधार हवेत, कारण उलटताना वजन सरळ वरून न येता घसरत, तिरकस येते. ३ जुलै २०२२ रोजी सिल्व्हरस्टोन येथील फॉर्म्युला वन शर्यतीत झोऊ ग्वानयू याची मोटार उलटून घसरत गेली, तेव्हा तिचा रोल बारच मोडला. चालक वाचला तो २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या 'हेलो' या दुसऱ्या चौकटीमुळे. त्यानंतर २०२३ साठी रोल बारचे नियम अधिक कडक करण्यात आले. फॉर्म्युला वनमध्ये रोल बार १९६१ पासून, तर सीट बेल्ट १९७२ पासून सक्तीचा झाला, हा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे.

कमानीचा एक दोषही सांगितला पाहिजे. रस्त्यावर हेल्मेट न घालता बसलेल्या माणसाचे डोके साध्या धडकेतही तिच्यावर आपटू शकते. म्हणून डोक्याजवळील नळीवर कठीण फोमचे आवरण आवश्यक असते. नळीवर गुंडाळलेला मऊ स्पंज हाताला बरा वाटतो, पण आघातात तो काही उपयोगाचा नाही.

पट्टा कोठे व कसा बांधावा :

अमेरिकन मानकानुसार केवळ कमरेच्या पट्ट्याच्या आधारबिंदूंनी ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोन्यूटन बल सहन केले पाहिजे. लाकडी फळीत वायसर घालून कसलेला बोल्ट हे करू शकत नाही. आधार चॅसीलाच हवा. कमरेचा पट्टा पोटावर न येता नितंबाच्या हाडांवर बसावा, हे डीहेवन यांच्या अनुभवावरूनही स्पष्ट व्हावे.

खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यांच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. हे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, मागे बांधावे लागतात. अनेक मोटारींत ते आसनामागे थेट तळाशी बांधलेले आढळतात. धडकेच्या वेळी असा पट्टा माणसाला मागे रोखण्याबरोबर खालीही दाबतो आणि तो भार पाठीच्या कण्यावर येतो. योग्य उंचीवर आधार मिळतो तो बहुधा रोल बारच्या आडव्या नळीचाच. म्हणजे येथेही पट्टा आणि कमान एकमेकांवर अवलंबून आहेत. कमान नसताना शर्यतीचा चार किंवा पाच बिंदूंचा पट्टा बसविणे हा सर्वांत अयोग्य पर्याय ठरतो. तो धड ताठ जखडून ठेवतो, बाजूला किंवा खाली वाकण्यास वाव देत नाही आणि उलटलेल्या मोटारीचा भार थेट डोके व मान यांवर पडतो. कमान बसवायचीच नसेल तर निदान कमरेचा पट्टा असावा; धडकेपुरता तरी त्याचा उपयोग आहे. मात्र ती तडजोड होय.

कायद्यातील पोकळी :

अमेरिकेत नव्या मोटारींना सीट बेल्ट १ जानेवारी १९६८ पासून सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या मोटारी या मानकाच्या बाहेर राहिल्या. छपराच्या मजबुतीचे १९७३ पासूनचे मानक उघड्या मोटारींना लागूच नाही. उलटण्यासंबंधी कडक नियम येतील या धास्तीने अमेरिकन कारखान्यांनी उघड्या मोटारी बंद करीत आणल्या आणि १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची' म्हणून विकली गेली. पुढे १९८९ मध्ये मर्सिडीज-बेंझने एसएल मोटारीत ०.३ सेकंदांत आपोआप उभी राहणारी कमान आणली. जुनी म्हणून एका नियमातून आणि उघडी म्हणून दुसऱ्यातून सुटलेली हॉट रॉड मात्र बांधणाऱ्याच्या विवेकावर सोपविली गेली.

शर्यतीचे पट्टे दर दोन वर्षांनी बदलावे किंवा पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागतात, कारण सूर्यप्रकाशाने त्यांचे धागे क्षीण होतात. उघड्या मोटारीत ऊन पट्ट्यावर थेट पडत असूनही रस्त्यावरील हॉट रॉडना असे बंधन नाही. शर्यतीच्या प्रथेतून आलेली आणखी एक गोष्ट रस्त्यावर धोक्याची ठरते. सरोवरावर मोटारीत एकटा चालक असे, म्हणून कमान केवळ त्याच्या डोक्यामागे पुरेशी होती. अशीच एकेरी कमान आजही आकर्षक म्हणून अनेक रोडस्टरवर बसविली जाते आणि शेजारच्या आसनावर पत्नी किंवा मूल, उत्तम प्रतीचा पट्टा बांधून, कमानीच्या बाहेर बसलेले असते.