रिपोर्टमधला ठळक आकडा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. जीवनसत्त्व ‘ड’ २४, म्हणजे कमी! मग शेजारच्या वहिनी घेतात तीच गोळी संध्याकाळी घरी येते.

जरा थांबा. आधी आकड्यापुढचे एकक वाचा. ‘ड’ची पातळी काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये, मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम म्हणजेच लिटरमागे ५० नॅनोमोल. शिवाय ३० नॅनोग्रॅमच्या खाली ‘अपुरे’ ही रेषा अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये आखली होती. त्याच सुमारास तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांना २० पुरेसे म्हटले! २०२४ मध्ये सोसायटीने आपली रेषा सोडून दिली आणि निरोगी प्रौढांनी उठसूट ही तपासणी करू नये, असे सुचवले. तेव्हा २४ पाहून घाबरण्याचे कारण नाही.

अधिक लक्ष हवे ते बी-१२ कडे. भाज्या-धान्यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. शाकाहारी घरात ते मिळते मुख्यतः दूध-दह्यातून. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता हळूहळू जाणवते. तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होते. घरचे म्हणतात, ‘आईंचं आता वय झालं.’

मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली सहसा कमतरता धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत, पण मुंग्या खऱ्या! अशा वेळी डॉक्टर मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी सांगू शकतात. पेशींना बी-१२ कमी पडले की हे आम्ल रक्तात वाढते; मात्र मूत्रपिंडे नीट काम करत नसली तरीही ते वाढते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ घटू शकते, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सर्वांत धोक्याचे म्हणजे अशक्तपणावर आपल्या मनाने नुसते फोलिक आम्ल घेणे. त्याने रक्त सुधारते, चेहऱ्यावर तजेला येतो, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. उशीर झाला, तर ती भरून येईलच असे नाही.

रक्त देण्यापूर्वी बी-१२ चे इंजेक्शन घेतले असेल तर आकडा फुगलेला दिसतो. केसांसाठीच्या गोळ्यांतले जास्त मात्रेचे बायोटिन तर थायरॉइडसारख्या तपासण्यांचे निकालही चुकवू शकते. म्हणून चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, ते डॉक्टरांना विचारून घ्या.