अर्जातील ‘पात्र’ : भाडे-साहाय्याच्या संहितेचे एक वाचन

प्रशासकीय अर्ज हा साहित्यप्रकार नव्हे. परंतु त्यास निवेदक असतो, पात्रे असतात आणि एक नियोजित वाचकही असतो. मराठीत तर ‘पात्र’ हा शब्द कथेतील व्यक्ती आणि लाभास योग्य ठरलेली व्यक्ती अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. अमेरिकेतील अल्प उत्पन्न कुटुंबांसाठीच्या भाडे-साहाय्याची अर्जप्रक्रिया उलगडून, निवाऱ्याच्या साहित्याच्या तौलनिक अभ्यासास तिचा काय उपयोग होऊ शकेल, याचा विचार येथे केला आहे.

या साहाय्याचे मूळ 1937 च्या गृहनिर्माण कायद्यात असून 1974 मध्ये त्यात जोडलेल्या ‘कलम आठ’ने खासगी घरांच्या भाड्यास शासकीय आधार दिला. निधी संघराज्य शासनाचा, अंमलबजावणी मात्र स्थानिक गृहनिर्माण संस्थांची. अर्जदार प्रथम कुटुंबातील व्यक्तींची नावे व उत्पन्न नोंदवून प्रतीक्षा यादीत नाव दाखल करतो. यादी फार लांबली की संस्था नवे अर्ज घेणे थांबवते. काही ठिकाणी यादीतील जागाही सोडतीने दिल्या जातात. हे साहाय्य कायदेशीर हक्क म्हणून सर्वांस मिळत नाही. निधी मर्यादित असल्याने पात्र कुटुंबांपैकी साधारणतः चारांतील एकालाच संघराज्याचे भाडे-साहाय्य लाभते. या काळात संस्थेच्या पत्रास उत्तर न गेल्यास यादीतून नाव वगळले जाऊ शकते. ज्यास स्थिर पत्ता नाही, त्याच्याकडूनच स्थिर पत्त्याची अपेक्षा करणे, हा या संहितेतील मूलभूत विरोधाभास होय.

क्रमांक आल्यावर उत्पन्न, ओळख व नागरिकत्व अथवा स्थलांतरविषयक दर्जा यांची पडताळणी होते. नव्याने प्रवेश मिळणाऱ्यांपैकी किमान 75 टक्के कुटुंबे अत्यल्प उत्पन्न गटातील असावीत, असे 1998 च्या कायद्याने ठरविले. येथे ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या लक्षणीय आहे. एकटी व्यक्तीही कुटुंब ठरते. उलट अपंग सदस्याच्या सेवेसाठी घरात राहणारा साहाय्यक त्याच छपराखाली राहूनही कुटुंबात मोजला जात नाही. नात्यांची ही मांडणी रक्तसंबंधांपेक्षा उत्पन्नाच्या हिशेबास जवळची आहे.

पडताळणीनंतर मिळणाऱ्या व्हाउचरची मुदत प्रारंभी किमान 60 दिवसांची असते. त्या अवधीत ते स्वीकारणारा घरमालक शोधावा लागतो. घराची तपासणी होऊन भाडे वाजवी ठरल्यास कुटुंब साधारणतः समायोजित उत्पन्नाच्या 30 टक्के भरते व निश्चित मर्यादेपर्यंतची उर्वरित रक्कम संस्था थेट मालकास देते. तथापि, जेथे राज्याचा अथवा शहराचा प्रतिबंधक कायदा नाही, तेथे मालक व्हाउचर नाकारू शकतो. शासनाने पात्र ठरविलेली व्यक्ती दारात पुन्हा अपात्र ठरते ती अशी.

हे दुसरे दार साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित नाही. लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (1959) या नाटकातील कृष्णवर्णीय कुटुंबाजवळ घरासाठी पैसा आहे. आडवी येते ती शेजाऱ्यांची वांशिक दृष्टी. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963 च्या संग्रहातील शीर्षककथेत नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या निवेदकापुढे खोलीचा प्रश्न जातीच्या प्रश्नासह उभा राहतो. दोन्ही कृतींत भाडे वा किंमत देण्याची ऐपत निर्णायक ठरत नाही. अर्ज मात्र निवाऱ्याचा प्रश्न ऐपतीपुरता मर्यादित करतो. जे दारात विचारले जाते, त्यासाठी त्यात रकाना नसतो.

मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेशी तुलना केल्यास आणखी एक भेद स्पष्ट होतो. तेथे विनामूल्य पुनर्वसनाची पात्रता 1 जानेवारी 2000 या तारखेपूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्याशी बांधली गेली. अमेरिकी अर्ज प्रामुख्याने ‘आज तुमचे उत्पन्न किती?’ असे विचारतो, तर मुंबईतील प्रक्रिया ‘तेव्हा तुम्ही येथे होता काय?’ असे विचारते. पहिल्या संहितेचा काल वर्तमान, दुसरीचा भूत. त्यामुळे पहिलीत दारिद्र्य, तर दुसरीत वास्तव्य सिद्ध करावे लागते.

निवाऱ्याविषयीच्या कथात्म साहित्याची तुलना करताना अशा संहिता केवळ सामाजिक पार्श्वभूमी म्हणून बाजूस ठेवणे योग्य ठरणार नाही. कोणते दुःख सांगण्याजोगे मानले जाते आणि कोणते रकान्याबाहेर राहते, हे त्याच ठरवितात. आणि रकान्याबाहेर राहिलेलेच पुष्कळदा कथेचा विषय होते.