टाकीत पाणी येतं कुठून?

नगर जिल्ह्यात मुरूम ढकलायला आणि उंचसखल रानं सपाट करायला जुने डोझर अजून लागतात. संपादकांना जुन्या यंत्रांवर लेख हवा होता. इतिहास दोन ओळींत सांगण्यासारखा आहे: 1964 साली भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी निघाली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींजवळच्या कारखान्यात जपानच्या कोमात्सुच्या सहकार्याने डी-50, डी-80 हे डोझर बनू लागले. मी मात्र अडकलो लिव्हरच्या खाली, कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या स्पूलपाशी.

स्पूल म्हणजे मागेपुढे सरकून तेलाची वाट बदलणारा गुळगुळीत पोलादी दांडा. त्याच्या आणि घराच्या मधली फट काही मायक्रॉनची. आपल्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसतच नाही. म्हणजे स्पूलला ओरखडे पाडणारी धूळ तेल हातावर घेऊनही कळत नाही. ओरखड्यांतून तेल झिरपतं आणि उचलून धरलेलं ब्लेड आपोआप खाली येऊ लागतं. मालक ब्लेड उचलणाऱ्या जॅकचं सील किट बदलतो. ब्लेड तरीही उतरतंच.

राहुरीच्या बाजूला भेटलेल्या मिस्त्रींची पहिली मागणी वेगळीच असते. "आधी तेलाच्या टाकीचं झाकण दाखवा, सीलचं मग बघू." मला हा माणूस फार आवडला, कारण तो पान्याला हात लावण्याआधी तेल बघतो. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर त्यात पाणी. फेस असेल तर पंपाच्या सक्शन होजमधून हवा ओढली जातेय. काळं आणि जळकट वासाचं असेल तर ते तापून गेलंय. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. चरचरला तर पाणी नक्की. मग फिल्टर कापून त्यातल्या गाळात चुंबक फिरवायचा. चिकटलं ते लोखंड. न चिकटणारी पिवळी चमक दिसली तर पंपाचे बुश झिजत आहेत.

पाणी आलं कुठून, हा खरा तपास. गिअरबॉक्सचं तेल पांढुरकं झालं तर संशय कूलरवर, कारण तिथे तेल रेडिएटरच्या पाण्याने थंड होतं. पण जुन्या डोझरमध्ये ब्लेडच्या तेलाच्या टाकीला बहुधा असा कूलर नसतोच. मग पाणी वरूनच येणार: सैल झाकण, तुटका ब्रीदर, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने केलेली धुलाई. जॅकच्या दांड्यावरचा वायपर फाटला असेल तर चिखलही आत ओढला जातो. टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि निवताना बाहेरची दमट हवा आत घेते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलचंही तेच. वर साचलेलं पावसाचं पाणी बुचातून आत शोषलं जातं. म्हणून बॅरल आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं एका पातळीत. तसा ठेवलेला मी क्वचितच पाहिला.

त्यात आणखी एक अडचण. अशा कित्येक यंत्रांत हायड्रॉलिकलाही दहा नंबरचं इंजिन ऑइल चालतं. त्यातली रसायनं पाणी धरून ठेवतात. 68 नंबरच्या हायड्रॉलिक तेलातलं बरंचसं पाणी रात्रभरात तळाशी बसतं आणि सकाळी प्लग सैल करून काढता येतं; इथे तसं होत नाही, सगळंच तेल काढावं लागतं.

आणि टाकी रिकामी केली तरी जॅकमध्ये आणि होजमध्ये घाण तेल उरतंच. ब्लेड जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून दाब सोडायचा आणि मगच होज खोलायचे. दाबातल्या बारीक चिरेतून उडालेली धार कातडी भेदून आत शिरते. अशा वेळी जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुढे टाकी पुसायची ती धागे न सुटणाऱ्या कापडाने. नवं तेलसुद्धा गाळूनच भरायचं, कारण बॅरलमधलं तेल स्वच्छ असतंच असं नाही. फिल्टर तुंबला की बायपास उघडतो आणि घाण न गाळता सरळ फिरते. लिव्हर ओढणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून थोडे तास चालवून फिल्टर पुन्हा बदलायचा.

हे शेवटचं काम बहुतेकदा राहतं. डोझरचं भाडं तासावर मिळतं, पावसाच्या आधी रानं उरकायची असतात. दुसऱ्या फिल्टरची वेळ येईपर्यंत यंत्र ट्रेलरवर चढून दुसऱ्या तालुक्यात गेलेलं असतं, आणि तिथे कमी झालेलं तेल भरायला ड्रायव्हर उघड्या डब्यातून नरसाळं लावतो.