स्वमग्न रुग्णातील कॅटाटोनिया : ओळख व वैद्याचे कर्तव्य

पंचवटीतील माझ्या चिकित्सालयात एका सतरा वर्षांच्या स्वमग्न मुलास आईने आणले. दोन महिन्यांपासून तो उंबरठ्याशी येऊन थबके. हात धरल्याशिवाय पाऊल उचलत नसे. घास तोंडात तसाच राही. घरच्यांना तो हट्ट वाटला. मी वातज स्तंभ समजून स्नेहन-स्वेदन योजले व दहा दिवस दवडले. ही चूक इतरांकडून होऊ नये, हाच या लेखाचा हेतू.

ही अवस्था म्हणजे कॅटाटोनिया. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कालबाउम यांनी १८७४ मध्ये तिचे वर्णन केले. पुढे २००० साली लॉर्ना विंग व अमिता शाह यांना, इंग्लंडमधील त्यांच्या केंद्राकडे पाठविलेल्या पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या स्वमग्न रुग्णांपैकी १७ टक्क्यांत ती आढळली.

स्वमग्नतेत मौन, पुनरावृत्त हालचाली मूळच्याच असतात. म्हणून निदानाची किल्ली ‘बदल’ ही होय. पूर्वी सहज होणाऱ्या क्रिया मंदावणे, आरंभ न होणे वा अर्धवट राहणे, प्रत्येक कृतीस इतरांच्या सूचनेची गरज लागणे, एकाच स्थितीत थिजणे, बोलणे घटणे, मध्येच अकारण क्षोभ होणे, हे आईवडिलांना आवर्जून विचारावे.

चिकित्सा मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावी. प्रथम लोराझेपाम दिले जाते. लाभ न झाल्यास विद्युत्-उपचार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो भूल व स्नायुशिथिलक देऊनच करता येतो. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती व मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. आमच्या रुग्णास लोराझेपामने उतार पडला. तो स्वहस्ते जेवू लागला. उंबरठ्यावर मात्र अद्याप आईचा हात लागतो.

औषधविक्रेत्यांनीही दक्ष राहावे. ‘झोपेसाठी’ म्हणून अशा रुग्णास सर्पगंधा देऊ नये; तिच्यातील रिसर्पीन मेंदूतील डोपामिन घटवते व विकार बळावू शकतो. मनोविकारांवरील काही औषधांनीही असेच घडते. चालू असलेले लोराझेपाम एकाएकी बंद करण्यास सांगू नये.

ज्वर, अंगाचा ताठरपणा, नाडी व रक्तदाबातील चढउतार अथवा अन्नपाणी बंद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास शोधनाचा विचारही न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात पाठवावे. प्रकृती स्थिरावल्यावर आहार, मलावरोधाचे निवारण, नियमित दिनचर्या आणि रुग्णास स्पर्श सहन होत असल्यास अभ्यंग, एवढे कार्य आपले आहे. तेही तज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच.