हृदय तयार, हाडं कच्ची

१९ सप्टेंबर २०२०. टूर द फ्रान्स या जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीचा शेवटून दुसरा दिवस. तीन आठवड्यांच्या दमछाकीनंतर स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. वय ३०, अनुभव दांडगा, संघ भक्कम. उरला होता एकेकट्यानं वेळ लावून चालवायचा ३६ किलोमीटरचा टप्पा आणि त्याच्या शेवटी घाट. त्या एका टप्प्यात त्याच्याच देशाच्या तादेय पोगाचारनं ती आघाडी पुसून टाकली आणि शर्यत ५९ सेकंदांनी जिंकली. पॅरिसमध्ये पिवळी जर्सी घालून तो उभा राहिला तेव्हा त्याचा २२वा वाढदिवस एका दिवसावर होता. एवढा तरुण विजेता या शर्यतीनं १९०४ नंतर पाहिला नव्हता.

हा अपवाद असता तर क्रीडा पानावरच राहिला असता. पण आदल्या वर्षी हीच शर्यत कोलंबियाच्या एगान बेर्नालनं २२व्या वर्षी जिंकली होती. २०२२ मध्ये स्पेनची ‘व्हुएल्टा’ बेल्जियमच्या रेम्को एव्हनेपूलनं २२व्या वर्षीच जिंकली, आणि तिसरा आला हुआन आयुसो, वय १९. २०२५ च्या इटलीतल्या ‘जिरो’त दुसरा आलेला मेक्सिकोचा इसाक देल तोरो २१ वर्षांचा होता. आता जरा मागे जा. २०११ चा टूर विजेता कॅडेल इव्हान्स ३४ वर्षांचा, २०१२ चा ब्रॅडली विगिन्स ३२ चा, आणि २०१३ ची व्हुएल्टा जिंकणारा ख्रिस हॉर्नर तर ४१ वर्षांचा. दहा वर्षांत असं काय झालं?

माणसाचं शरीर दहा वर्षांत बदलत नाही. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, त्या क्षमतेला आम्ही ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतो. निरोगी तरुणात हा आकडा वजनाच्या दर किलोमागे साधारण ४० ते ४५ मिलिलिटर असतो, अव्वल सायकलपटूत ८० च्या आसपास. हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं यावर तो मुख्यतः अवलंबून असतो. विशीत तो कळसाला पोचतो आणि तिशीनंतर हळूहळू उतरतो. म्हणजे बाविशीतल्या पोराकडे जिंकण्याजोगं हृदय पूर्वीही होतंच. फेलिचे जिमोंदीनं १९६५ मध्ये आणि लोराँ फिन्यों यानं १९८३ मध्ये टूर जिंकली तेव्हा दोघेही बावीसचेच होते. पण असे थोडे. बाकीच्यांना आपलं हृदय वापरायला शिकण्यातच सात-आठ वर्षं जात.

कारण पाच-सहा तासांच्या शर्यतीत नुसता दम पुरत नाही. घाट कोणत्या वेगानं चढायचा हे पूर्वी अंगावर आलं की कळायचं. मध्यावर पाय गळाले की चूक उमगायची आणि ती सुधारायला पुढची शर्यत, कधी पुढचं वर्ष उजाडायचं. आज पेडलवर पडणारा जोर वॅटमध्ये मोजणारं पॉवर मीटर सतरा वर्षांच्या मुलाच्या सायकलवरही असतं. सकाळचा सराव कसा झाला, हे दुसऱ्या देशात बसलेल्या प्रशिक्षकाला संध्याकाळी दिसतं. कोणता मुलगा वजनाच्या दर किलोमागे किती वॅट किती वेळ टिकवतो, हे आकड्यांतच दिसत असल्यानं संघही त्याला शाळा संपता संपता उचलतात. एव्हनेपूल किशोर गटातून थेट व्यावसायिक संघात गेला. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत तो फुटबॉल खेळत होता!

खरी गंमत आहे ती खाण्यात. स्नायू आणि यकृत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात. जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत हा साठा तळाला जातो. मग वाटेत खायचं किती? आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला तुंबते, आणि बरीच वर्षं हीच मर्यादा मानली जाई. मात्र फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर तासाला ९० ग्रॅम, आणि पोटाला सवय लावली तर १२० ग्रॅमपर्यंतही शोषल्या जातात. १२० ग्रॅम म्हणजे साखरेचे सुमारे २४ चमचे, दर तासाला! दिवसभर मधुमेही रुग्णांना साखर सोडा म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना अंमळ कसंतरीच होतं. (रविवारी वीस किलोमीटर चालवून मिसळ खाणाऱ्यांनी हा हिशोब आपल्याला लावून घेऊ नये.) पण ज्या पोराचे पाय पाचव्या तासाला गळायचे, त्याच्या पायात आता शेवटच्या घाटासाठी इंधन शिल्लक असतं. अनुभवी गड्याचा मोठा फायदा शेवटच्या तासात असे. तोच यानं कमी झाला.

उत्तेजकांचं काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेणाऱ्या खेळाबद्दल तो यायलाच हवा. खेळाडूच्या रक्तातले बदल वर्षानुवर्षं नोंदवणारा ‘जैविक पासपोर्ट’ २००८ पासून आहे, त्यामुळे लबाडी अवघड झाली. अशक्य झाली असं मी म्हणणार नाही. मात्र हे तरुण आघाडीवर का आले, हे समजायला मापन आणि आहार ही कारणं मला पुरेशी वाटतात.

वयाचा हा नियम सगळीकडे चालत नाही, हेही खरं. २०२५ ची महिलांची टूर पोलिन फेराँ-प्रेव्होनं ३३व्या वर्षी जिंकली. आणि दिवसरात्र चालणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये पूर्ण करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

डॉक्टर म्हणून माझी काळजी सुरू होते ती हाडांपाशी. हृदय विशीत तयार असलं, तरी हाडांची घनता पंचविशीपर्यंत, काहींची त्यापुढेही वाढत असते. हाड घट्ट होतं ते त्याच्यावर भार आणि धक्के पडल्यानं. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. त्यामुळे रोज चार-पाच तास सायकल चालवणाऱ्या आणि दुसरा व्यायाम न करणाऱ्या खेळाडूंच्या कमरेच्या मणक्यांची घनता अनेकदा सामान्य तरुणांपेक्षाही कमी आढळते. मजबूत मांड्या आणि ठिसूळ मणका एकाच शरीरात नांदतात.

आणि पडणं तर या खेळात ठरलेलंच. २०२० मध्ये विशीतला एव्हनेपूल इटलीत पुलाच्या कठड्यावरून खाली कोसळला, कमरेचं हाड मोडलं. बेर्नाल २०२२ मध्ये सरावात थांबलेल्या बसवर आदळला. मणके, मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, सगळ्याला मार बसला. एवढ्या वेगात घट्ट हाडही मोडतं, त्यामुळे या अपघातांचा दोष मी घनतेला देणार नाही. पण हाडं भरण्याच्या वयात महिनोन्‌महिने अंथरुणात जाणं परवडणारं नसतं.

त्यात भर पडते वजनाच्या वेडाची. घाटात प्रत्येक किलो नडतो, म्हणून पोरं जेवण तोडतात. श्रम जास्त आणि अन्न कमी अशी तूट राहिली की शरीर आधी ‘ऐच्छिक’ खर्च थांबवतं. मुलींची पाळी चुकते, मुलांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि हाडांची बांधणी मंदावते. ही अवस्था आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये स्वतंत्र नावानं मांडली, तेव्हा ती फक्त मुलींची नाही हे अनेक प्रशिक्षकांना पहिल्यांदा कळलं. मनाचा थकवा हा निराळा विषय. मार्सेल किटेल आणि टॉम डुमुलां हे दोघे मोठे खेळाडू ३१व्या वर्षीच या खेळातून बाहेर पडले. सतराव्या वर्षी आकड्यांना जुंपलेली मुलं तिशीपर्यंत टिकतील का, हे अजून दिसायचं आहे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागातही आता सायकल शर्यतींत उतरणारी मुलं येतात. सोबतचे वडील बहुतेक वेळा गुडघ्याबद्दल किंवा प्रोटीनच्या डब्याबद्दल विचारतात. मी विचारतो, रात्री झोपतोस किती वाजता? वजन कमी करायला कुणी सांगितलं? मुलगी असेल तर, पाळी वेळेवर येते का? ‘सराव वाढला की थांबतेच’ असं उत्तर हमखास येतं. पण सलग तीन महिने पाळी आली नसेल तर तिला तपासायलाच हवं. कारण पाहायला हवं, ती जेवते किती हेही पाहायला हवं आणि गरज पडल्यास हाडांची घनता मोजायला हवी. चिठ्ठीवर औषधाआधी मी दूध, भाकरी, डाळ लिहितो. आणि आठवड्यातून तीन दिवस, सायकल भिंतीला लावून, दोरीवरच्या उड्या.